एकाच दमात

नाही म्हटलं ना मास्तर — रविवारी ती चर्चमध्ये गाणार नाही. बसा, बसा, नाही म्हटलं म्हणून लगेच उठायचं नसतं, दोन जिने चढून आलात — ते मांजर उठवा आणि त्या खुर्चीवर बसा. हळू, पाय डुगडुगतो. खुर्चीचा, मांजराचा नाही. धाकटी आत पडलीये — दुखणं केव्हाच गेलं, डॉक्टर म्हणतात गळा ठणठणीत आहे — बोलते, भांडते, चहात साखर कमी पडली की मला ऐकवते, पण गायचं नाव नाही. का नाही? मला काय विचारता, मी नुसती थोरली बहीण.

तुम्ही चर्चच्या कॉयरला, गाणाऱ्यांच्या ताफ्याला, नवे, म्हणून सांगते. आम्ही दोघी लहानपणी तिथेच गायचो, शेवटच्या बाकावर. तेव्हाच्या मास्तरांचा एकच नियम — शेजारणींनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एकीने घेतला की दुसरीने सूर धरून ठेवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं सगळं एकाच दमात चाललंय. चुकलं की हातावर पट्टी. ती सवय अशी लागली की जेवतानासुद्धा, तिने घास घेतला की मी बोलायचे. आई म्हणायची, या घरात तोंड कधी बंद म्हणून नसतं.

मग ही हॉटेलात जॅझ गायला लागली. पाळकांना घेरी यायची बाकी राहिली. सकाळी देवापुढे गॉस्पेल, संध्याकाळी पिणाऱ्यांपुढे जॅझ — ही म्हणायची, सूर तोच, फक्त झगा बदलायचा. झगा मी बदलायचे. लोकांना मी तेवढीच ठाऊक — हुक लावणारी, तोंडात टाचण्या धरून पडद्यामागे उभी. बोटीने गेलो, आगगाडीने गेलो, कुठे कुठे गेलो, रेकॉर्डी निघाल्या — मी प्रत्येक गावचा पडदा पाहिला. एक तर इतका धुळकट होता — जाऊ दे.

तो लांब सूर? आलातच का त्यावर. सगळे त्यावरच येतात. हिच्या छातीत लोहाराचा भाता आहे म्हणायचे. एका डॉक्टरांनी तपासूनही पाहिलं — छाती चारचौघींसारखीच निघाली, बिचारे हिरमुसले. अहो, कुणाची छाती एवढी पुरणार? ही डावी टाच उचलायची, की मी टाचण्या थुंकून — म्हणजे — असं बघू नका माझ्याकडे. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाव तिचंच हवं, हिंमत तिची होती — मला चारचौघांत उभं केलं की मी आधी पडदा शोधते. नाही, वाईट नाही वाटलं. वाटलं. रोज वाटायचं. पुढे पुढे टाचण्यांच्या चवीसारखं झालं, असायचंच तोंडात.

आणि आता या वयात हिला सुचलंय — दुखण्यातून उठली आणि म्हणते, ताई, पडदा बास, शेजारी उभी राहा, नाहीतर मी गाणार नाही. मी म्हटलं, नको गाऊस. मला वाटलं, आठवड्यात वळणावर येईल. कसली येते, माझीच बहीण.

तेव्हा तुम्ही पाळकांना सांगा, तब्येत बरी नाही — थांबा. गप्प बसा जरा. आत — ऐकू येतंय? तीच. पाहुणा आला की हिला चेव येतो, पहिल्यापासूनचं आहे. तोच सूर धरलाय. एवढ्या दिवसांनी आणि एकदम तोच — मूर्ख बाई, एकटीला झेपायचा नाही. झोपल्या झोपल्या टाच उचलली असणार, पैज लावते. सोडत पण नाहीये.

मास्तर, रविवारी दोन खुर्च्या मांडा. शेजारी शेजारी. न डुगडुगणाऱ्या. आणि निघा आता, दार तुम्हीच ओढून घ्या — तिचा दम संपत आलाय, मला बोलता येणार नाही.