देवलखेतचं घर आणि शकुंतलाबाईंची हाक

मंडळी, ऐका! मागच्यांनो, पुढं सरका — पंखा पुढं आहे, देवही पुढंच आहे, मागं फक्त चपला आहेत! हं. पेटीवाले, स्वर जरा खाली घ्या. आजची गोष्ट ओरडून सांगायची नाही.

प्रश्न एकच आहे. माणूस घर बघायला जातो, तेव्हा काय बघतो? पाणी बघतो. दिशा बघतो. गच्ची बघतो. दवाखाना किती लांब, बाजार किती लांब — सगळं बघतो! पण मला सांगा, त्या दारात उभं राहून कुणी एक हाक मारून बघतं का? मोठ्यानं! आणि ओ कुठून येते, येते की नाही, हे कान देऊन ऐकतं का?

हसताय? हसा. शकुंतलाबाईही हसल्या असत्या — पौष महिन्याआधी!

चंद्रपूरला मत्ते नावाचं कुटुंब. प्रभाकरराव मत्ते आणि शकुंतलाबाई. लेक लग्न होऊन पार कोचीनला. घरात दोघंच. प्रभाकरराव एसटी स्टँडवर कंट्रोलर होते — ते माइकवर सांगतात ना, अमुक गाडी तमुक फलाटावर लागलेली आहे, ते! नोकरी सुटली, माइक सुटला, पण आवाज काही सुटला नाही. सकाळी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचे, "चहाची गाडी आज किती लेट आहे?" आणि शकुंतलाबाई आतून, "गाडी रद्द झाली आहे. प्रवाशांनी स्वतः उठून यावं!"

असा हसताखेळता संसार. आणि वैशाखात काय झालं?

चंद्रपूरचा वैशाख मी तुम्हाला काय सांगू — तुम्ही तो भोगताय! कूलरला पाणी चढेना म्हणून प्रभाकरराव भर दुपारी गच्चीवर गेले. डोक्याला दुपट्टा नाही, पायात चप्पल नाही. बराच वेळ झाला. शकुंतलाबाईंनी हाक मारली. उत्तर नाही. वर जाऊन बघतात तर टाकीच्या बाजूला माणूस आडवा! अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे फिरलेले. ऊन लागलं होतं!

बाई कठड्यावरून ओरडल्या, "अवो बशीरभाई!"

समोर बशीरभाईंचं कूलर दुरुस्तीचं दुकान. हातातला पाना टाकून बशीरभाई धावले. शेजारच्या कांबळे वहिनी ओली चादर घेऊन धावल्या. रसवंतीवाल्यानं बर्फाची लादी आणून दिली. जिन्यावरून उचलून खाली, तिथून ऑटोत, तिथून दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हातात काही नव्हतं.

प्रभाकरराव वाचले. पण मनात भीती बसली, मंडळी. सूर्य डोक्यावर आला की माणूस खोलीचा कोपरा धरायचा. आणि म्हणायचा, "शकुंतला, पुढचा उन्हाळा मी इथं काढणार नाही. काढू शकणार नाही."

आता त्यांच्या मनात काय होतं? वर्षभरापूर्वी यात्रेला गेले होते उत्तराखंडात. परतताना दरड कोसळली, बस अडली, आणि कुमाऊँच्या डोंगरात देवलखेत नावाच्या गावात मुक्काम पडला. गाव कसलं — डोंगराच्या उतारावर चिकटवलेली घरं. तिथं हयातसिंग बिष्ट नावाच्या म्हाताऱ्याचं घर विकायला होतं. दगडी भिंती, पाटीच्या दगडांचं छप्पर, अंगणात जर्दाळूचं झाड, आणि समोर — आहाहा! — बर्फाची अख्खी रांग! ज्येष्ठात तिथं रजई घेऊन झोपले होते दोघं!

प्रभाकररावांनी हयातसिंगला फोन लावला. घर अजून होतं. वकिलाला विचारलं. बाहेरच्या माणसाला तिकडं जमीन घ्यायला बंधनं आहेत, पण हे घर नियमात बसत होतं. झालं! गाडी लागलेली आहे!

शकुंतलाबाईंची अवस्था काय झाली असेल? नाही म्हणावं, तर पुन्हा वैशाख, पुन्हा ती गच्ची. हो म्हणावं, तर उतारवयात परका डोंगर. इकडं आड नि तिकडं आडच! बाई रात्रंदिवस विचारात. शेवटी म्हणाल्या,

"माझी एकच अट आहे. घर थंड प्रदेशात घेताय ना? मग ते थंडीत बघायचं. पौषात जायचं, तिथं राहायचं. सोयरीक जुळवताना मुलाला फक्त बाशिंग बांधलेला बघतो का आपण?"

"आणि राहून मला आवडलं तर?"

"तर मी तोंड उघडणार नाही. तुम्ही म्हणाल तिथं सही करीन."

बघा हं! बाईंनी सगळं पणाला लावलं!

पौषात दोघं देवलखेतला पोचले. मोटारीचा रस्ता खाली सोडायचा आणि पायवाटेनं चढायचं. हयातसिंगनं किल्ली दिली, सरपण दाखवलं, आणि म्हणाला, "मी हल्द्वानीला मुलाकडे जातो, कागद तयार करून आणतो. काही लागलं तर खालच्या घरात खिमुली आमा आहे." आमा म्हणजे आजी. तो गेला.

पहिले दिवस कसे गेले म्हणता? सुखात! स्वच्छ ऊन, निळंभोर आभाळ. प्रभाकरराव अंगणात बसून गुणगुणायचे. कितीतरी महिन्यांनी त्यांना गाढ झोप लागली. चेहऱ्यावर तुकतुकी आली. शकुंतलाबाई चुलीपुढे बसून त्यांच्याकडे बघायच्या आणि मनातल्या मनात हरायच्या. माणूस जगतोय इथं! मग आपण काहून आडवं यायचं?

पण बाईंची नजर बाईची. एकदा त्या गावातून फिरून आल्या. दार — कुलूप. दार — कुलूप. गंजलेलं कुलूप. कडीत गवत उगवलेलं कुलूप. सगळी माणसं खाली शहरात गेलेली. धूर निघत होता फक्त दोन छपरांतून. एक त्यांचं. एक खिमुली आमाचं.

रात्री म्हणाल्या, "अवो, या गावात माणूस नाही."

"तेच तर पाहिजे! किती शांत आहे बघ!"

आणि मग बर्फ पडला.

सकाळी उठून बघतात तर अंगण पांढरं, जर्दाळू पांढरा. प्रभाकरराव लहान पोरासारखे टाळ्या वाजवत सुटले! वीज गेली — जाऊ दे. मोबाइल मुका झाला — होऊ दे. नळातलं पाणी गोठलं — तर झरा आहे की! वाटेच्या वळणाखाली दगडानं बांधलेला झरा होता. दुपारी प्रभाकररावांनी कॅन उचलला.

"शाल घ्या."

"आत्ता येतो. शाल कशाला?"

मंडळी, चूल पेटलेली. भात चढवलेला. भात झाला. उतरवला. माणूस येईना. बाईंनी दारात येऊन बघितलं. पुन्हा बर्फ भुरभुरायला लागला होता. पाऊलखुणा खाली गेलेल्या दिसत होत्या — वर आलेल्या नव्हत्या!

नवऱ्याचे मोजे पायात, अंगावर शाल, हातात काठी, अशा बाई निघाल्या. पायऱ्यांवर बर्फाची काच झालेली. बसून, सरकत, हात टेकत वळणापर्यंत गेल्या. आणि बघतात तर कॅन एकीकडे, माणूस एकीकडे! पाय मांडीखाली भलताच वळलेला. ओठ निळे.

"शकुंतला… पाय हलत नाही गं."

बाईंनी शाल पांघरली. काखेत हात घालून ओढलं. प्रभाकररावांनी अशी किंकाळी फोडली की बाईंचे हात सुटले. पुन्हा धरलं. वीतभरही सरकेना देह! वरून बर्फ पडतोय. अंगावरचा झटकला की पुन्हा साठतोय. उजेड उतरायला लागलाय. आता काय?

बाई उभ्या राहिल्या, छाती भरून श्वास घेतला, आणि जिवाच्या आकांतानं ओरडल्या —

"अवो बशीरभाई!"

…ऐकलंत? कुणाला हाक मारली बाईंनी? चंद्रपूरच्या बशीरभाईंना! कुमाऊँच्या डोंगरात! जिवावर बेतलं तेव्हा तोंडात जे नाव यायचं तेच आलं. हाक गेली, कुलपांवर आपटली, आणि तशीच परत आली. कोण देणार ओ? गंजलेली कडी देणार?

बाईंना स्वतःलाच ऐकू आलं आपण काय बोललो ते. तिथंच रडू फुटलं. पण रडायला वेळ होता का? डोळे पुसले आणि पुन्हा ओरडल्या, "आमा! आमा!"

काही नाही.

"आमा!"

आणि खालून बारीक आवाज आला. काय म्हणाली ते बाईंना कळलं नाही. पण ती ओ होती, मंडळी! ओ होती!

कमरेत वाकलेली म्हातारी बर्फातून वर चढत आली. खांद्यावर घोंगडं, हातात गाईचं दावं. एका नजरेत तिला सगळं समजलं. घोंगडं पसरलं, माणूस त्यावर लोटला, दावं बांधलं, आणि दोघी बायकांनी उतारावरून ओढत ओढत त्याला आमाच्या गोठ्यात नेलं. तिकडं घराच्या तळमजल्यावरच गुरं बांधतात. गाईची ऊब होती. गवतात त्याला निजवलं, वरून गवत घातलं.

मग आमा पितळी थाळी घेऊन बाहेर गेली. डोंगराच्या कडेला उभी राहून थाळी बडवायची आणि खालच्या गावाकडे तोंड करून हाक द्यायची. आत यायची, शेकायची, पुन्हा जायची.

आत प्रभाकरराव बरळायला लागले होते. "वणी गाडी लागलेली आहे… प्रवाशांनी… प्रवाशांनी…" शकुंतलाबाई त्यांचे तळपाय चोळत म्हणत होत्या, "बोला, बोलत राहा. पुढची गाडी कोणती? सांगा ना!" कारण तो आवाज थांबायची भीती वाटत होती. आणि एका क्षणी तो थांबला! बाईंनी नाकाशी हात धरला. श्वास होता. बारीक, पण होता.

आमा पुन्हा आत आली. तिचं बोलणं पहाडी हिंदी, मी मराठीत सांगतो. बाईंनी विचारलं, "आमा, ऐकू गेलं असेल का त्यांना?"

"वारा इकडून तिकडं असेल तर जातं."

"आणि नसेल तर?"

आमा हात शेकत बसली.

"आमा, तुम्हीच कधी पडलात तर? तुम्ही कुणाला हाक मारता?"

म्हातारीनं गाईपुढे गवत टाकलं. तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, "हयातसिंग इथं होता तोवर त्यालाच हाक मारायचे. आता तुम्ही येणार म्हणाला तो. मला बरं वाटलं, बेटी. म्हटलं, वर पुन्हा चूल पेटेल."

त्या गोठ्यात शकुंतलाबाईंची मान खाली गेली.

अंधार पडायच्या आत खालच्या गावाची माणसं आली! वारा आमाच्या बाजूनं होता. त्यांनी खुर्चीला बांबू बांधले, तिची डोली केली, आणि घसरत, सावरत, एकमेकांना ओरडून सांभाळत त्या माणसाला रस्त्यापर्यंत नेलं. तिथून जीप. तिथून दवाखाना. मांडीचं हाड मोडलं होतं. जीव वाचला होता.

काही दिवसांनी दवाखान्यात हयातसिंग आला. हातात खरेदीचे कागद. प्रभाकररावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "नको ते घर. शकुंतला, तू जिंकलीस."

जिंकल्या होत्या ना बाई? अट त्यांची, निकाल त्यांच्या बाजूचा! मग आनंद का होईना? कारण डोळ्यांपुढे एकीकडे चंद्रपूरची गच्ची होती आणि दुसरीकडे गोठ्यातली म्हातारी. इतके दिवस बाई एकच विचार करत होत्या — आपल्या हाकेला कोण धावेल? आणि आता मनात आलं, आपण कुणाच्या हाकेला धावणार?

बाई म्हणाल्या, "भाऊ, घर विकत नको. उन्हाळ्यापुरतं राहायला द्याल का? चैत्र सरला की येऊ, पाऊस लागला की जाऊ."

हयातसिंग वैतागला. "मला विकायचं आहे, बहेनजी! कुलूप सांभाळत बसायला मी काय तरुण आहे?"

"विका. घेणारा येईल दोन दिवस बर्फ बघायला, आणि जाईल कुलूप लावून. आमा तुमची कोण लागते?"

"काकी." म्हातारा खाटेच्या कडेला बसला. "तिला म्हटलं होतं, चल माझ्याबरोबर. म्हणाली, गाय कुठं ठेवू? माझ्या छातीत दुखतं, बहेनजी, मला तो चढ चढवत नाही. मी तरी काय करू?"

त्याचंही खोटं नव्हतं, मंडळी! कुणाचंच खोटं नव्हतं.  मग त्यानं कागदांची घडी घातली आणि कोटाच्या आत ठेवली. "या चैत्रानंतर," म्हणाला.

तेव्हापासून मत्ते दांपत्य उन्हाळ्यात देवलखेतला असतं. प्रभाकरराव काठी टेकत जर्दाळूखाली बसतात. शकुंतलाबाई रोज सकाळी आमाला हाक मारतात. काम काही नसतं — नुसती हाक!

आता तुम्ही विचाराल, महाराज, आणि पौषात? पौषात आमाचं काय?

पौषात शकुंतलाबाई चंद्रपुराहून खालच्या गावात फोन लावतात. तिथली एक सून वर धूर दिसतो का ते बघून सांगते. तेवढंच. पुरेसं नाही, हे बाईंनाही ठाऊक आहे. फोन लागत नाही त्या दिवशी त्यांना घास जात नाही. याहून गोड शेवट माझ्याकडे नाही. मी तो जोडून सांगणारही नाही!

पण तुम्ही कशाला उत्तराखंडाकडे बघताय? इथं बघा ना! आपल्या गावात भिंतीला भिंत आहे. इकडं फोडणी घातली की तिकडं ठसका लागतो! आणि तरी शेजारच्या खोलीत माणूस दोन-दोन दिवस तापानं पडून असतो, कुणाला पत्ता नसतो! आपली कुलपं बाहेरून दिसत नाहीत, एवढाच फरक. बर्फ पडायलाच पाहिजे असं थोडंच आहे? भर उन्हाळ्यातही माणसं गारठतात!

आता माझ्याकडे बघू नका. बाजूला बघा. रोज कीर्तनाला येणारं, ठरलेल्या खांबाशी बसणारं कुणी आज दिसत नाही का? नीट बघा… कोण? धोटे गुरुजी? एकटेच राहतात ना ते? आणि कालही आले नव्हते?

मग बसलात काय! उठा दोघंजण. हो — आत्ता! आरती थांबेल, प्रसाद थांबेल, देवाला कसली घाई आहे? तुम्ही जा, दार वाजवा, मोठ्यानं हाक मारा.

पेटीवाले, तुम्हीही थांबा जरा. ओ आली तर इथपर्यंत ऐकू आली पाहिजे.