आक्काने पोचवलेले निरोप

शेअर रिक्षात रमशाच्या शेजारी दोघी लग्नाची खरेदी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“आक्का, आई नि काकीचा एवढा अबोला, आणि काल दोघी एकाच जात्यावर हळद दळत होत्या! जमवलंस कसं?”

“काकीला सांगितलं, तुझी आई बोलते, धाकट्या जावेबिगर हळद दळायची न्हाय.”

“आई असं बोलली?”

“कुठली! बोलली, ‘ती आली तर मी उठून जाईन.’”

“आणि काकी?”

“‘त्या घराची पायरी चढणार न्हाय.’ मी तुझ्या आईला सांगितलं, जाव रडते, बोलावण्याची वाट बघते.”

रमशाचा थांबा, कामतघर, आला. ती उतरलीच नाही.

“दोघींना कळलं तर गं?”

“काल जात्यापाशी मीच सांगून टाकलं, दोन्ही निरोप माझ्या मनचे होते. तर दोघी एका सुरात माझ्यावर उखडल्या, ‘खोटारडे, आम्ही अगदी तसंच बोललो होतो!’”