खिडकीजवळचं कपाट

लेसिएली: बाबा, हे पण खोडायचं? 'होपोआते सर म्हणजे बोकड.' सर जाऊन वीस वर्षं झाली.

सेमिसी: खोड. शेजारी चित्र असेल, तेही खोड.

लेसिएली: चित्र छान काढलंय हो.

सेमिसी: म्हणूनच आधी ते. सोमवारी शाळा उघडते. पोरांच्या हातात ग्रंथालयाचं पुस्तक कोरं गेलं पाहिजे. तेहेतीस वर्षं दर सुट्टीत हेच करतोय मी.

लेसिएली: आणि तेहेतीस वर्षं पोरं पुन्हा लिहितायत. द्या ते इकडं. डाव्या हातानं खोडत बसलात तर संध्याकाळ होईल.

सेमिसी: खोबऱ्याच्या यंत्रानं तीन बोटं नेली तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. तेव्हापासून हाच माझा उजवा. आणि लिहितात तर लिहू देत. लिहितात म्हणजे उघडतात. जे पुस्तक जसंच्या तसं परत येतं ना, त्याचं मला वाईट वाटतं. हे बाहेर बोलू नकोस मात्र.

लेसिएली: छे. प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर तुम्ही निराळंच सांगता. 'ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहिणारा हात देवापुढे जोडायच्या लायकीचा नाही.'

सेमिसी: लक्षात आहे तुझ्या?

लेसिएली: शेवटच्या रांगेत उभी असायचे. हात पाठीमागे लपवायचे. म्हणजे, सगळेच.

सेमिसी: हं. अळूच्या पानातलं मटण फार आणलंस. निम्मं उरलं.

लेसिएली: बांधून ठेवते. डुकराला घालीन.

सेमिसी: डुकराचं नशीब बघ. बापाचं उष्टं पोरांना चालत नाही, त्याला चालतं.

लेसिएली: उष्टंच काय, तुमच्या खुर्चीवरसुद्धा मी कधी बसले नाही. एकदा तुमचा चष्मा उचलला होता, तर आजीनं आठवडाभर ऐकवलं.

सेमिसी: रीत आहे. मीही माझ्या बापाच्या कशाला हात लावला नाही. त्याचं होतं काय म्हणा, एक कुदळ.

लेसिएली: चला, आता खिडकीजवळचं कपाट घेऊ.

सेमिसी: ते राहू दे.

लेसिएली: सगळ्यात जास्त पेन्सिल तर त्याच पुस्तकांत आहे.

सेमिसी: तुला कसं माहीत?

लेसिएली: याच शाळेत होते ना मी. ती साठ पुस्तकं पाठ आहेत मला. शाळेला ज्यानं कुणी दिली तो माणूस भारी खोचक. जिथं तिथं रेघ, जिथं तिथं शेरा. 'हे खरं नाही.' 'पुन्हा वाच.' कोण होता तो?

सेमिसी: असेल कुणी आगाऊ.

लेसिएली: आगाऊ नाही. एकटा असावा, असं वाटायचं.

सेमिसी: रबर संपत आलंय. शनिवारच्या बोटीनं तू राजधानीला, नुकुअलोफाला निघणार, तोवर वेळ आहे. त्या कपाटाचं उद्या बघू.

लेसिएली: उद्या नक्की?

सेमिसी: उद्या. खिडक्या लावून घे. आणि डुकराचं जेवण विसरू नकोस.

(दहा दिवसांनंतर, त्याच ग्रंथालयात. सेमिसी त्याच रात्री झोपेत गेले. त्यांची जुनी विद्यार्थिनी मेलेआने आता ग्रंथालय सांभाळते.)

मेलेआने: ये, लेसी. कमरेला गुंडाळलेली ती सुतकाची चटई जरा सैल कर, नीट बसता येईल. ओरडायला तुझी आत्या नाही इथं.

लेसिएली: तिला तिथं बसून कळतं. राहू दे. बाबांच्या नावाचं काहीतरी निघालंय, असं म्हणालीस. काय ते सांग.

मेलेआने: सांगते. हेडमास्तर सगळ्या पुस्तकांची यादी करतायत. खिडकीजवळच्या कपाटातल्या साठांची कुठंच नोंद नाही. शाळेनं घेतलेली नाहीत, परदेशातून देणगीच्या खोक्यांत आलेली नाहीत. शिक्का मात्र शाळेचा.

लेसिएली: मग?

मेलेआने: सर आधी दुसऱ्या बेटावर मिशनच्या शाळेत होते ना. वादळात तिथलं ग्रंथालय वाहून गेलं. हेडमास्तर म्हणाले, वाहून गेलं की कुणी वाहून आणलं?

लेसिएली: माझ्या बापाला चोर म्हणतायत.

मेलेआने: म्हणत नाहीत, विचारतायत. पण मंगळवारी शाळेच्या मंडळाची सभा आहे. तिथं विचारलेलं गावात म्हटलेलं होऊन फिरतं.

लेसिएली: दुसऱ्याच्या झाडाखाली पडलेला नारळ उचलला नाही त्यांनी कधी.

मेलेआने: मला सांगतेस? मी त्यांच्याच हाताखाली वाढले. म्हणून तर सभेआधी बोलावलं तुला. हे बघ. पुस्तक परत करायच्या तारखांचा कागद आपण शेवटच्या पानावर चिकटवतो. या साठांमध्ये तो पहिल्या पानावर आहे.

लेसिएली: खाली काहीतरी झाकलंय.

मेलेआने: एकटीनं सोडवायचा धीर होईना. किटलीच्या वाफेवर धर. हळू, फाटेल.

लेसिएली: शाई दिसतेय. 'सेमिसी. सुवा, १९७८.'

मेलेआने: सर सुव्यात होते?

लेसिएली: फिजीत, कॉलेजात, दोन वर्षं. आजोबा गेले तेव्हा शिक्षण सोडून परत आले. बरोबर एक जड पेटी होती, असं आजी सांगायची. पेटीत काय, ते कुणी विचारलं नाही. दुसरं दे.

मेलेआने: 'सेमिसी. सुवा, १९७९.' यातही तेच. आणि यातही. सुटले बाई. त्यांची स्वतःची आहेत सगळी.

लेसिएली: पण अक्षर त्यांचं नाही हे.

मेलेआने: उजव्या हाताचं असेल, बोटं जायच्या आधीचं. तू कुठून पाहणार?

लेसिएली: म्हणजे तो खोचक माणूस...

मेलेआने: कोण?

लेसिएली: काही नाही. पण मग झाकलं का? अख्ख्या टोंगात लोक चर्चला बाक दिला तरी त्याच्या पाठीवर नाव कोरून घेतात.

मेलेआने: शिक्क्याची तारीख बघ. साठांवर एकच. फेब्रुवारी १९९३.

लेसिएली: या शाळेत माझं नाव घातलं, तो महिना.

मेलेआने: आणि पुस्तकं घरी पेटीत असती तर?

लेसिएली: बाबांच्या वस्तूला हात? आजीनं तोडला असता.

मेलेआने: मग झालं तर.

लेसिएली: शाळेचा शिक्का मारला की ती बाबांची राहिली नाहीत.

मेलेआने: आणि आत त्यांचं नाव दिसलं असतं तर तू शिवली नसतीस. मंगळवारी हे कागद मी सभेच्या टेबलावर ठेवते. कपाट आता इथून कुणी हलवत नाही. हेडमास्तरांना त्यांचा प्रश्न परत गिळू दे, चहाबरोबर.

लेसिएली: ते निळं पुस्तक दे. पान चौऱ्याहत्तर.

मेलेआने: पानसुद्धा पाठ?

लेसिएली: ही रेघ बघ. बाजूला, 'बेटावरच्या माणसाला याचा काय उपयोग?' हे बाबांचं, सुव्यातलं.

मेलेआने: त्याखाली गोल गोल अक्षरात, 'मला आहे.' बघ कार्टीची हिंमत. सरांच्या नाकासमोर.

लेसिएली: त्याच्याखालचं वाच. ते पूर्वी नव्हतं.

मेलेआने: वाकडं आहे. थांब, डाव्या हाताचं. हे सरांचंच, मी रोज बघायचे. 'मग पेटी उचलून आणली ते बरं केलं.'

लेसिएली: दे इकडं. मीच वाचते पुन्हा.

मेलेआने: लेसी, पाणी देऊ?

लेसिएली: नको. बरं वाटतंय. कितीतरी दिवसांनी. तू दोन मिनिटं बाहेर थांबशील?

मेलेआने: आता जेवणाची सुट्टी होईल, पोरं धावत येतील. दारात अडवून धरते त्यांना. सरांची खुर्ची तिथंच आहे, बस.

लेसिएली: खुर्चीवर नको. उभीच बरी.

मेलेआने: दार ओढून घेते.

लेसिएली: बाबा. ते 'मला आहे' लिहिणारी मी होते.