हिरव्या टिकल्यांची बँक

—नाही, नाही, बुटं तिथंच राहू द्या भाऊ, आन बसा त्या बाजेवर, उन्हात कायले उभं राहता. गळ्यातलं कार्ड दिसलं मले, पुढं कराची गरज नाही. मी वाचत नाही. शाळेचं तोंड पाह्यलं नाही म्या, त त्या कार्डावर तुमचं नाव हाय का तुमच्या सासऱ्याचं, मले काय समजनार. फोटो मात्र पाह्यला. फोटोत तुमाले मिशी हाय. काढली? — बरं, काढली. लोक काढतात. आमच्या मालकानं जलमभर नाही काढली, पन लोक काढतात.

आता तो कागद द्या इकडं. हं. अक्षरं राहू द्या, ह्या टिकल्या पाहू. हिरव्या, पिवळ्या, लाल. एकेका ओळीत एकेक बँक हाय म्हनता, आन कोन्या बँकेत चोर शिरते, कोन्या बँकेत शिरत नाही, कोनाचं कम्प्युटर पक्कं, कोनाचं कच्चं, ते ह्या टिकल्यायवरून समजते. चांगलं हाय. माह्यासारख्या बाईलेही समजते. मंग ह्या एकाच बँकेले ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत साऱ्या हिरव्याच टिकल्या काऊन हो? कोनती हाय ती? — तुमची. आन टिकल्या लावल्या कोनं? — तुमच्याच हापिसानं. मंग बराबर हाय. ह्या उंद्री गावातल्या साऱ्या सासवायचा असा कागद मले बनवाले सांगतला, त माह्या नावापुढं एक लाल टिकली दिसनार नाही तुमाले. सुनेले विचारलं त ती दुसरा कागद बनवीन.

रागावू नका. चहा ठेवला हाय. तुमचं काम हाय घरोघर फिरनं, माहं काम हाय विचारनं. आता तुमाले कोनं सांगतलं का ह्या म्हातारीजवळ बँकेत टाकाले पैसे हायेत? — गावात बोलतात. हाव, बोलत असतीन. खामगावच्या रस्त्याले लागून आमचा मळा होता, वांगे, टमाटे, सांभार, म्हनजे तुमची कोथिंबीर — चिखलीच्या बाजारात आमच्या सांभाराच्या जुड्या पहिल्या खपत. मंग रस्ता रुंद झाला, मळा रस्त्यात गेला, सरकारनं पैसे देल्ले. किती ते विचारू नका, म्या माह्या सख्ख्या भावाले नाही सांगतलं. आमचे मालक, वामनराव, दवाखान्यात शेवटचं बोलले ते एवढंच, का मळा गेला त गेला, पोरीचं शिक्षन नाही गेलं पाह्यजे. पोरगी म्हनजे आमची नात. ते पैसे तिचे हायेत. माहे नाहीत, आन कोनाचेच नाहीत. नाव काय तिचं? — नाव कायले पाह्यजे तुमाले. नात म्हना, पुरे.

आता तुमी चोराचं बोलून राह्यले, त चोर म्हनजे काय ते मले नका सांगू. माह्यासंगं झालं हाय. एक फोन आला होता मले. हिंदीत बोलला कोनी परका मानूस, म्हने माताजी, तुमचं खातं बंद होऊन राह्यलं, मोबाईलवर नंबर येईन तो वाचून सांगा. आला नंबर. सांगतला म्या. पैसे गेले. सारे नाही गेले, पन बरेच गेले. एवढंच झालं. टीव्हीत दाखवतात न, तसंच. पुलिसायलेही हेच सांगतलं. अशा फोनवाल्यायले कोनी पाह्यलं हाय? कोनी नाही. कुठं बसतात? देवाले माहीत. — हाव, मान हलवा तुमी. दुनियाच तशी हाय म्हना.

मंग म्या ठरवलं, उरले ते आता असे ठेवाचे का माह्या नातीशिवाय कोनाच्या हाती लागले नाही पाह्यजे. पन ठेवाचे कुठं? जो तो आपलीच बँक चांगली म्हनते. मंग म्या सोता परीक्षा घेतली. हसता काऊन? खरं सांगते. तीन बँकांत खाते उघडले, थोडे थोडे पैसे टाकले, आन मंग माह्या जावेले पाठवलं. अन्नपूर्णा, माही जाऊ, ते पाहा समोरचं निळं दार तिचं. दोघीही ठेंगन्या, दोघीही नऊवारी, डोक्यावर पदर, चश्मेसुद्धा दोघीचे एकाच शिबिरातले. तिले म्हनलं, आज तू रुखमाबाई. माहं पासबुक घे, माहा मोबाईल घे, जाय आन माहे पैसे काढून आन. मी बाकड्यावर बसून पाहते तुले कोन धरते. ती म्हने, मले जेलात टाकलं त? म्हनलं, डबा घेऊन येईन.

पहिली बँक चिखलीतली, गर्दीवाली. अन्नपूर्णा लाइनीत उभी राहून बडबडत होती, रुखमाबाई वामनराव, रुखमाबाई वामनराव — परीक्षेले आल्यासारखी. आन शिपायानं रुखमाबाई म्हनून आवाज देल्ला त ती माह्याकडं पाहाले लागली. म्या तोंड फिरवलं. खिडकीतल्या मानसानं मान वर केली नाही हो. पासबुकावर फोटो माहा, समोर उभी अन्नपूर्णा, त्यानं तिच्या अंगठ्याले शाई लावली, कागदावर दाबला, आन पैसे देल्ले. म्या मागून गावातल्या मास्तराले विचारलं का बाप्पा दोन बायायचा अंगठा एक असते का. ते म्हने, जगात कोनाचाच कोनासारखा नसते. मंग पाहत काऊन नाहीत? पाहाचा नाही त घेता कायले, आमचे हात रंगवाले?

दुसरी खामगावची. काचाची. आत गेली का थंडी वाजते अशी. तिथं एक पोरगी, लय गोड, आजी या, आजी बसा, पानी घ्या. तिनं अंगठा नाही मागतला. मोबाईलवर नंबर येईन म्हने. नंबर आला माह्या मोबाईलवर, माहा मोबाईल अन्नपूर्णाच्या पिशवीत. तिले वाचता येत नाही, त त्या पोरीनंच तो मोबाईल हातात घेतला, सोताच नंबर वाचला, सोताच मशीनमंदी टाकला, आन थँक्यू म्हनून पैसे देल्ले. म्हनजे तिथं मानसाचं तोंड कोनी पाहत नाही. मोबाईल ज्याच्या हाती, तो रुखमाबाई. उद्या माही बकरी मोबाईल गळ्यात बांधून पाठवली त तिलेही पानी देतीन, खुर्ची देतीन. तुमच्या कागदावर ही काचवाली कोनती हाय? साऱ्या हिरव्या आन एकच पिवळी? हाव का. मंग ती पिवळी बकरीसाठी असन.

तिसरी — तिसरी कुठं होती ते राहू द्या. लहान बँक, एक पंखा, तोही आवाज करनारा. तिथं खिडकीत एक बाई होती. अन्नपूर्णाचा हात हातात घेतला तिनं शाई लावाले, आन तसाच धरून ठेवला. म्हने, "आजी, खातं उघडाले आल्या तेव्हा तुमच्या मनगटावर तुळस होती. आज मोर कसा झाला?" हे पाहा — ही माही तुळस. लग्नाच्या आंधी गोंदली माह्या मायनं. अन्नपूर्णाचा मोर हाय. खातं उघडल्याले कितीक दिवस होऊन गेले होते, किती म्हाताऱ्या आल्या असतीन, किती हात धरले असतीन तिनं, आन तुळस ध्यानात ठेवली. अन्नपूर्णानं दम धरला का? नाही. तिनं लगेच बोट दाखवलं माह्याकडं, म्हने मी अन्नपूर्णा हो, मले हिनं पाठवलं, मले नातवंडं हायेत. दोघीलेही आत नेलं. अशी बोलली ती बाई आमाले, अशी बोलली, का माह्या सासूनं कधी नसन बोललं. म्हने दोघीलेही ठान्यात देऊ शकते मी. पानी नाही विचारलं, बसा नाही म्हनलं. मले इतकं बरं वाटलं सांगू तुमाले. मालक गेल्यापासून पहिल्यांदा मले झोपेचं भ्या नाही वाटलं.

पन ऐका, गोष्ट इथं नाही सरत. पुढच्या खेपेले गेली त खिडकीत दुसरा मानूस. बदली झाली म्हने बाईची, देऊळगाव राजाकडं. आता तुमीच सांगा तुमच्या कागदात पाहून, ती बँक हिरवी होती का ती बाई हिरवी होती? बाई गेली त टिकली कोनी बदलली का? नाही बदलली. कागदाले कसं समजनार.

हा घ्या चहा. साखर कमी वाटली त सांगा. — कोन्या बँकेत ठेवले शेवटी? ह्या तीनपैकीच का चौथ्या? भाऊ, तुमी आल्यापासून घडीघडी एवढंच विचारून राह्यले. तुमच्या बँकेत टाका म्हनाले आले होते न तुमी? मंग कुठं ठेवले त्याचं काय करता. विकनारा मानूस आपला माल दाखवते. तुमी तो कागद कवाचा घडी करून खिशात घातला.

एक सांगू? त्या बाईनं आमाले बोलून झाल्यावर मले विचारलं होतं का आजी, असं कराची पाळी कशी आली. म्या तिले फोनवाल्या चोराची गोष्ट सांगतली, आता तुमाले सांगतली तश्शीच. माहं बोलनं सरलं नाही तं तिनं विचारलं, आजी, तुमाले वाचता येत नाही, मंग तो नंबर तुमी वाचला कसा? ठान्यातल्या हवालदारानंही हेच विचारलं होतं. त्याले म्या म्हनलं आकडे येतात थोडे थोडे, नोटा पाहून पाहून. मास्तरानं विचारलं. अन्नपूर्णानं विचारलं, तिले म्या हाकलून देल्लं दोन दिवस. जो ऐकते तो विचारते. तुमाले त म्या बसल्या बसल्या पहिलं हेच सांगतलं का मी वाचत नाही. आन मंग नंबरची गोष्ट सांगतली. तुमी मान हलवली. विचारलं नाही.

काऊन नाही विचारलं हो?

गरम हाय, हळू प्या. — लक्ष नव्हतं म्हनता. असन. मी बी म्हनते असन. मानसाचं लक्ष नसते कधी कधी. पन बकरीची गोष्ट ऐकून हसले तुमी, तिथं लक्ष होतं.

कोनं वाचला नंबर? फोनवाला त — कोनता फोन आन कोनता फोनवाला. ह्याच बाजेवर बसला होता राजकुमार, तुमी बसले तिथंच. म्या मेथीची भाजी केली होती. एका हातात भाकर, एका हातात माहा मोबाईल. म्हने, माय, सरकारचा काही निरोप आला वाटते, पाहू दे. मले काय, मी आनखी भाकर आनाले चुलीकडं गेली. आली त मोबाईल जागेवर ठेवलेला, आन तो जेवून राह्यला. पोटभर जेवला त्या दिवशी. ताटात हात धुतला, जातो माय म्हनला, आन गेला. त्या मोबाईलमंदी पत्ते खेळतात म्हने पैसे लावून, त्यात गेले ते पैसे. म्या हे अन्नपूर्णाले नाही सांगतलं, पुलिसाले नाही सांगतलं, नातीले त नाहीच — तिले वाटते बाप पुन्याले कंपनीत हाय — आन तुमाले सांगून बसली. परका चोर म्हनलं म्हनजे काय होते, का राजकुमारले घरी याले कोनी अडवनार नाही. दारात पुलिस उभा राहनार नाही. एवढ्यासाठी म्या मोबाईलवाल्या हिंदी मानसाले जलम देल्ला. पन घरी आलाच नाही तो.

पाह्यलं? आताही नाही विचारलं तुमी. राजकुमार कोन, हे नाही विचारलं. इतक्या वेळात त्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं म्या.

राहू द्या, काही सांगू नका. बुटं घाला. मी ओरडत नाही, गल्ली गोळा करत नाही, भिऊ नका. ते कार्ड ज्या मिशीवाल्याचं असन त्याले वापस द्या, त्याची नोकरी असन. कागद ठेवून जा, मास्तराले दाखवते म्हनलं होतं — नाही, तोही न्या. आन राजकुमारले सांगा, पैसे कोन्या बँकेत हायेत ते माय सांगनार हाय, तुलेच सांगनार हाय, पन दुसऱ्याले पाठवून नाही. समोर बसून विचार. त्याच बाजेवर. पैसे मागतले त मी नाही म्हनीन, पन तू समोर बसून विचार.

जा आता. दाराची कडी लावाची हाय मले.

थांबा भाऊ. — जेवते का तो येळेवर? बारीक झाला का?

नका सांगू. तुमी सांगतलेलं मी खरं कसं मानू. जा.