स्टेन्सलँड भावंडांच्या दोन सह्या

नाही, पण तुम्हीच सांगा, चारशे पावलं म्हणजे काय अंतर आहे? भावाच्या स्वयंपाकघरातून बहिणीच्या दोरीवर वाळणारे मोजे मोजता येतात! आणि मला मात्र एकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जायला चार मैलांचा वळसा, तोही एप्रिलातल्या चिखलातून, कारण मधल्या वाटेवर फाटक, फाटकाला भावाचं कुलूप, आणि त्याने लावलं म्हणून वर बहिणीचंही एक कुलूप! एका आठवड्यात सतरा फेऱ्या मारल्या मी. सतरा! गाडीला वाट पाठ झाली, मी नुसती बसायची, ती आपली आपण वळायची...

थांबा, नीट सांगते. मी जोलीन. चोवीस वर्षं या काउंटीत शाळेची बस चालवली, म्हणजे कोणाच्या अंगणातलं कुत्रं चावतं आणि कोणाच्या घरात सकाळी आदळआपट असते, सगळं ठाऊक. म्हणून तर पवनचक्क्यांच्या कंपनीने मला उचललं! काम काय, तर ज्यांच्या शेतात चक्क्या उभ्या राहायच्या, ज्यांच्यातून तारा आणि रस्ते जायचे, त्यांच्या घरी बसायचं, शंका ऐकायच्या, कॉफी प्यायची, सही घ्यायची. नोटरीचा शिक्काही माझ्याच पर्समध्ये. मला वाटलं, बसपेक्षा सोपं. कसलं सोपं! पोरं निदान ओरडून मोकळी होतात हो, आमच्या डकोटातली म्हातारी माणसं ओरडत नाहीत. 'बघू' म्हणतात. आणि खिडकीबाहेर बघतच बसतात!

तर एकेचाळीस घरांनी सह्या दिल्या. राहिले कोण? स्टेन्सलँड भावंडं. ऑर्व्हल अठ्ठ्याहत्तरचे, आर्डिसबाई चौऱ्याहत्तरच्या. वडिलांची एकशेसाठ एकर जमीन दोघांच्या नावावर सामाईक, आणि नऊ वर्षं एकमेकांशी अवाक्षर नाही. मला रस्ता हवा होता तो नेमका त्याच जमिनीतून. कशाला? क्रेनला! ही क्रेन म्हणजे धान्याच्या कोठाराला रणगाड्याचे पट्टे लावावेत ना, तशी. आमचा पूल तिच्या नुसत्या सावलीने खाली बसेल. म्हणून ती शेतातूनच चालत एका चक्कीकडून दुसरीकडे जाते. डावीकडे पाणथळ, तिथे बदकं अंडी घालतात, सरकार चाक फिरकू देत नाही. उजवीकडे जमिनीखाली गॅसची नळी. मधे स्टेन्सलँड! त्यांनी अडवलं की पलीकडच्या सहा चक्क्या रद्द. आणि त्या सहा घरांतली माणसं माझ्याच बसमधून शाळेत गेलेली, दुकानात भेटली की विचारणार, "जोलीन, घोडं अडलंय कुठे?" कुठे म्हणून सांगू!

मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच.

सोमवारी गेले ऑर्व्हलकडे. कॉफी. कागद वाचला त्यांनी, बोट ठेवून ठेवून, पंचेचाळीस मिनिटं. मग चष्मा काढून, "कागदात खोट काही नाही."

"मग करता सही?"

"तिने केली?"

"अजून नाही."

"मग आधी तिची."

बरं! चार मैल. आर्डिसबाईंकडे कॉफी, वर खजुराच्या वड्या, कारण त्या घरात काही न खाता उठणं म्हणजे अपमान. बाई म्हणाल्या, "रस्त्याला माझी काही हरकत नाही गं. त्याने केली का सही?"

"तुम्ही केलीत की ते करतील."

"असं का? मग त्याला म्हणावं, आधी त्याची!"

परत चार मैल. परत कॉफी. "आधी तिची." परत चार मैल, परत वड्या. "आधी त्याची." अहो, बुधवारपर्यंत माझ्या अंगात रक्ताच्या जागी कॉफी, रात्री डोळा लागेना, आणि त्यात डेन्व्हरहून आमचा साहेब, ब्रेंट, वय वर्षं एकतीस, दर तासाला फोन! "जोलीन, झालं?" नाही झालं. "नेमकी अडचण काय आहे? नकाशा पाठवू का?" अरे, नकाशा काय करायचाय! या दोघांच्या मनाचा नकाशा आहे का तुझ्याकडे?

वकिलाला विचारलं. तो म्हणाला, दोघांना वेगवेगळ्या प्रती द्या, कायद्याला चालतं. मी खूश! दोन प्रती काढल्या. आर्डिसबाईंनी पहिली ओळ वाचली आणि कागद खाली ठेवला. "त्याचं नाव वर का?" म्हटलं, मोठे आहेत म्हणून. "लहानपणापासून तेच कारण ऐकतेय मी." बरं बाई! दुसरी प्रत काढली, यांचं नाव वर. पण सही? "आधी त्याची."

शेवटी गुरुवारी ऑर्व्हलच्या स्वयंपाकघरात मी आवाज चढवला. हो, बसमध्ये चढवायचे तसाच! "उद्या सकाळी दहा वाजता दोघांनी फाटकापाशी यायचं. तुम्ही तुमच्या बाजूला, त्या त्यांच्या बाजूला, मधे मी. तीन म्हटलं की दोघांनी एकदम सही करायची. कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही!" ऑर्व्हलनी कप विसळून पालथा घातला. मग म्हणाले, "पेन मी माझं आणेन."

शुक्रवार. दहा वाजता दोघं हजर, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. बाईंनी चर्चला जायचा कोट घातलेला. फाटकाच्या आडव्या फळीवर मी दोन्ही प्रती ठेवल्या, दोघांच्या हातात पेनं. एक... दोन... आणि वारा आला! अहो, ज्या वाऱ्यासाठी ही सगळी उठाठेव, तोच मेला आला, आणि दोन्ही प्रती उचलून घेऊन गेला, थेट पाणथळीकडे!

मी धावले. आणि मागून धप्प आवाज... बघते तर ऑर्व्हल आपल्या बाजूने कागदामागे गेलेले, आणि गुडघ्यापर्यंत चिखलात! एक पाय रुतलेला, दुसरा हवेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं हाड हो! तोवर आर्डिसबाई, ज्यांना पायरी चढताना धाप लागते, त्या फाटकाच्या फळ्यांवर चढून कोटासकट पलीकडे!

"ऑर्व्हल! हलू नकोस! हलशील तर आणखी रुतशील, गाढवा!"

नऊ वर्षांनी पहिला शब्द. गाढवा.

आम्ही दोघींनी ओढलं. पाय निघाला, बूट आतच. तिघंही तिथेच चिखलात बसलो. मग ऑर्व्हल पायाकडे बघत म्हणाले, "तू बाबांच्या किल्ल्या घ्यायला नको होत्यास."

मग त्यांनीच एकेक सांगितलं, तेव्हा मला कळलं. वडिलांची पिकअप गाडी होती. एक दिवस आर्डिसबाईंनी किल्ल्या काढून घेतल्या, म्हातारा तीन महिने खिडकीत बसून होता, आणि गेला. ऑर्व्हल अंत्यविधीला म्हणाले होते, गाडी गेली तेव्हाच बाबा गेले, आणि ते तू केलंस. त्या दिवशीच कुलूप लागलं.

बाई कितीतरी वेळ गवत उपटत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मी नाही घेतल्या. त्यांनी दिल्या."

"काय?"

"कोंबड्यांचं खाद्य आणायला गेले आणि घरचा रस्ता विसरले. चाळीस मैलांवरच्या पेट्रोल पंपावरून मला फोन केला. मी पोचले तेव्हा रडत होते रे. किल्ल्या माझ्या हातात दिल्या, म्हणाले, ऑर्व्हलला सांगू नको. त्याला वाटतं त्याच्या बापाला सगळं येतं. तसंच वाटू दे."

ऑर्व्हलनी टोपी काढली, परत घातली, परत काढली. मग म्हणाले, "नऊ वर्षं तू माझ्या शिव्या खाल्ल्यास."

"शिव्या कुठे? बोलतच नव्हतास."

मी उठून लांब गेले. कागद शोधायला हो... डोळ्यांत वारा गेला होता. बदकांच्या बाजूला एक पानही मिळालं नाही, आणि तिथेच फोन! "जोलीन, झालं?" बंदच करून टाकला मेला.

दुपारी नव्या प्रती काढून आर्डिसबाईंकडे गेले, तर दोघं एकाच टेबलाशी, ऑर्व्हलच्या पायात बाईंचे फुलाफुलांचे मोजे! मी आपलं पेन पुढे केलं. घड्याळात तीन. आणि ऑर्व्हल म्हणाले, "आता दोघं मिळून वाचतो." मिळून! आतापर्यंत वेगवेगळे वाचत होते तेव्हा खोट नव्हती, आता मिळून वाचल्यावर बावीस शंका निघाल्या! क्रेन गेल्यावर रस्त्याची खडी काढायची नाही, ठेवायची, कारण आर्डिसला चिखलातून यावं लागू नये. हे लिहून दे. खडी किती जाडीची, तेही लिही. मी फोन चालू करून डेन्व्हरला विचारतेय, इकडे वड्या, तिकडे वकील... चार वाजून बावन्न मिनिटांनी दोन सह्या झाल्या. आधी कोणाची, विचारू नका, मी शिक्क्यावर डोळे लावून बसले होते.

गाडीत बसले आणि ब्रेंटचा फोन. खूश! "जोलीन, कमाल आहे! भावंडं जमवावीत तर तूच! सोमवारपासून शेजारच्या काउंटीत जा, तिथे एका जमिनीला अकरा भावंडं मालक आहेत."

म्हटलं, "एकमेकांशी बोलतात का पण?"

"बोलतात की," म्हणाला, "सगळे बोलतात. आपापल्या वकिलातर्फे."

...पेट्रोल भरलं. काय करणार?