रुई-चूताईंच्या नावावर गेलेल्या अकरा ओळी

सन्माननीय अध्यक्ष जियान साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती श्रीमती फान रुई-चू, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे वडील फान गुरुजी, आणि हुआलिन कंपनीतल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आयोजकांनी मला विषय दिला आहे, 'ताई आणि आपल्या ग्राफिक्स विभागाची वाटचाल'. वेळ दिली आहे दहा मिनिटं. मी उपाध्यक्ष असल्यामुळे मला थांबवायची कुणाची छाती होणार नाही, पण मी आवरतं घेईन.

इथल्या तरुण मंडळींना खरं वाटणार नाही, पण मी इथे शिंचू शहरात आलो तेव्हा पडद्यावर चित्र काढायला संगणकात वेगळं कार्ड बसवावं लागे. हाताच्या पंजाएवढं. ताई तेव्हापासून म्हणायच्या, "हे सगळं एक दिवस प्रोसेसरच्या पोटात जाणार." आम्ही हसायचो. मग ते काम कार्डावरून उतरून प्रोसेसरच्या शेजारच्या चिपमध्ये आलं. स्वतःची मेमरी नाही, मुख्य मेमरीतून थोडी मागून घ्यायची. बाजारात त्याला 'फुकटातलं ग्राफिक्स' म्हणत. प्रोसेसरवाले तर आम्हाला जेवणाच्या टेबलावरही कोपऱ्यात बसवत. "काय हो पोटभाडेकरू, आज किती चित्रं अडकली?" असं विचारत. खोटं कशाला सांगू, मला ते लागायचं. ताईंना लागत नसे. त्या म्हणायच्या, "पेंग, भात गार होतोय. जेव."

आता मी जे सांगणार आहे ते कार्यक्रमपत्रिकेत नाही.

२००४ साल. ताई तेव्हा विभागप्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. आमची नवी चिप एका मासिकाकडे परीक्षणाला जायची होती. त्यांची एक ठरलेली चाचणी असे. जंगलातून एक रथ धावतो, आणि दर सेकंदाला किती चित्रं निघाली ते मोजतात. आमचा रथ रखडत होता. मी ड्रायव्हरमध्ये, म्हणजे चिपला हुकूम देणाऱ्या प्रोग्राममध्ये, अकरा ओळी लिहिल्या. त्यांचा अर्थ एवढाच, की चालू असलेल्या प्रोग्रामचं नाव या चाचणीचं असेल, तर लांबची झाडं आणि सावल्या धड रंगवू नकोस. रथ सुसाट सुटला. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. आज ते आठवलं की मान वर करवत नाही.

मासिकातला परीक्षक आमच्यापेक्षा हुशार निघाला. त्यानं चाचणीच्या फाइलचं फक्त नाव बदललं आणि ती पुन्हा चालवली. गुण एक तृतीयांशानं घसरले. त्यानं सगळं छापलं.

आमच्या प्रयोगशाळेत एक वाईट सवय होती. ड्रायव्हरमध्ये कुणी काय लिहिलं याच्या नोंदी करायचं यंत्र एकच. सकाळी जो पहिला येई तो आपल्या पासवर्डनं ते उघडी, आणि दिवसभर सगळे त्यावरच काम करत. पहिल्या कोण येत? आख्ख्या नोकरीत ज्यांना एकदाही उशीर झाला नाही त्या. म्हणजे माझ्या अकरा ओळींवर नाव पडलं फान रुई-चू.

ताईंचे तेव्हाचे वरिष्ठ वेई साहेब यांनी बैठक घेतली. सगळे उभे. यंत्रावर नेहमीप्रमाणे हिरव्या पाकिटातला मक्याचा खाऊ ठेवलेला होता. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आपण आजही ठेवतो तोच. कुणीतरी पाकीट उलटून पाहिलं आणि म्हणालं, "साहेब, याची तारीख उलटून गेलीय, म्हणून यंत्र बिघडलं!" सगळे हसले. वेई साहेबही हसले. त्या क्षणी मी बोललो असतो तर सहज खपून गेलं असतं. मी काय केलं? मीही हसलो.

मग साहेबांनी विचारलं, "रुई-चू, हे तुम्ही लिहिलंत?"

ताई म्हणाल्या, "विभाग माझा आहे."

एवढंच. त्यांचं नाव मासिकाच्या पुढच्या अंकात आलं. ताईंना चाचणीच्या खोलीत बसवलं, नऊ वर्षं. त्यांची खुर्ची मला मिळाली. बाहेर पडताना त्या मला काय म्हणाल्या असतील? "पेंग, जेवलास का?"

त्या नऊ वर्षांत ग्राफिक्स खरोखरच प्रोसेसरच्या पोटात गेलं, एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर. आज त्या तुकड्यावरची निम्म्याहून जास्त जागा आपली आहे. प्रत्येक आवृत्तीतले दोष त्या खोलीत बसून ताईंनी शोधले. बक्षिसं घ्यायला व्यासपीठावर मी चढलो. भिंतीवर माझे फोटो आहेत, जाताना बघा. नाही, नका बघू.

अजून एक. फान गुरुजी दर शरद ऋतूत वाऱ्यावर सुकवलेली पर्सिमनची फळं घेऊन स्कूटरवरून यायचे, आख्ख्या विभागासाठी. ते मासिक त्यांच्या गावातही पोचलं. गुरुजींनी चाळीस वर्षं मुलांना गणित शिकवलं, कॉपी करणाऱ्याला वर्गाबाहेर काढलं. त्या वर्षापासून ते आले नाहीत. आज वीस वर्षांनी या आवारात पाऊल ठेवताहेत.

गेल्या आठवड्यात मी ताईंच्या टेबलापाशी गेलो. म्हटलं, "ताई, त्या अकरा ओळी..."

"तुझ्या होत्या. बैठकीत सगळे पडद्याकडे बघत होते, तू बुटांकडे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबले. नंतर कामं फार होती."

"मी समारंभात सांगू?"

त्या खोकं बांधत होत्या. म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच आहे. बाबांना ठाऊक नाही. त्यांनी मला कधी विचारलंच नाही रे. एकदाही नाही."

अध्यक्ष महाराज, माझं लेखी निवेदन सकाळी आपल्या टेबलावर ठेवलं आहे. ताईंच्या नोंदीतून तो ठपका काढावा आणि माझ्या नोंदीत घालावा, एवढीच विनंती. पुढचं आपण ठरवाल ते मला मान्य आहे. मंडळी, कृपया टाळ्या नकोत. ही टाळ्यांची गोष्ट नाही. वीस वर्षं मला तोंड उघडता आलं नाही, याची मला लाज वाटते.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल आयोजकांचा आणि निमूटपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचा मी आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही कमीजास्त झालं असेल, तर ते पोटात घाला. त्या अकरा ओळी मात्र पोटात घालू नका.

फान गुरुजी, तुमच्या मुलीनं फसवलं नाही. ते मी केलं.

गुरुजींनी कानामागे हात नेलाय. ऐकू आलं नसावं. ताई, तुम्ही सांगू नका, बसा. मी खाली येतो.