स्पा टबाचं उद्घाटन

हॉटेलात नाईतर जिममध्ये स्पाचा टब बसवणं सोपं असते गड्या, कारण तिथं सोसायटीचे अध्यक्ष नसते. पिपरी मेघेच्या एका सोसायटीत मी टब बसवला, गरम पाणी भरलं, बुडबुडे सुरू केले. अध्यक्षसाहेब उद्घाटनाले नारळ घेऊन आले.

"साहेब, फरशीवर फोडजा," मी म्हटलं.

"मले शिकवू नको!" म्हणत त्याईनं नारळ टबाच्या काठावरच हाणला. नारळ शाबूत राह्यला, टब तडकला. सगळं पाणी पाहुण्याईच्या पायाखाली!

अध्यक्ष माह्यावरच उखडले, "किती हलका माल आहे हा! उद्या आमचे मेंबर यात बसतीन तेव्हा?"

"साहेब, मेंबर आत बसतीन. त्याईले काठावर कोणी हाणणार नाई."

मागून सेक्रेटरी हळूच म्हणाले, "आमच्या अध्यक्षाचा काही भरोसा नाई."